गोदाकाठची ग्रीक अक्षरे

नाशिकच्या पूर्वेला, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी सायखेडा वसले आहे. द्राक्षे आणि कांद्याचा हा मुलूख. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग वाढला की सायखेडा-चांदोरीच्या पुराची बातमी राज्यभर पोचते. एरवी इतिहासाच्या पुस्तकात या परिसराचे नाव सहसा येत नाही. पण इथून जवळच, सिन्नर तालुक्यातल्या गोदाकाठच्या जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यातली १३,२५० नाणी तपासली. ती सगळी एकाच राजाच्या नावाची होती: क्षहरात वंशातला क्षत्रप नहपान. नाण्याच्या एका बाजूला राजाचा मुखवटा, आणि त्या मुखवट्याभोवती गोलाकार कोरलेली ग्रीक अक्षरे.

प्राचीन ग्रीक म्हटले की आपल्याला अथेन्स आठवते, सॉक्रेटिस आठवतो, फार तर सिकंदर आणि पोरस आठवतात. हा सगळा इतिहास दूरचा, पंजाबपर्यंत येऊन परत गेलेला, असा आपला समज असतो. जोगलटेंभीची नाणी आणि नाशिकची लेणी मात्र वेगळी हकिकत सांगतात. ग्रीक संस्कृतीतल्या काही गोष्टी गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत आल्या, त्यासाठी इथे कोणतीही ग्रीक फौज आली नाही, आणि त्या इथे काही शतके टिकल्या.

नाण्यावरचा चेहरा

भारताला नाणे ग्रीकांनी शिकवले, असे मात्र कोणी समजू नये. ग्रीकांचा इथे संबंध येण्यापूर्वीच आपल्याकडे चांदीचे कार्षापण चालत होते. चांदीच्या तुकड्यावर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशा चिन्हांचे ठसे मारलेले असत. म्हणून त्यांना आहत नाणी म्हणतात. त्यांवर राजाचे नाव नसे आणि चेहराही नसे.

ग्रीकांची रीत निराळी होती. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातल्या लिडिया राज्यात इसवी सनापूर्वी सातव्या शतकात नाणी पाडली जाऊ लागली आणि शेजारच्या आयोनियातल्या ग्रीक शहरांनी ती पद्धत लगेच उचलली. ग्रीकांचा देश तेव्हा एकछत्री नव्हता. डोंगर आणि समुद्र यांनी तोडलेल्या भूमीत शेकडो नगरराज्ये होती. प्रत्येकाचे कायदे वेगळे, देवता वेगळी, नाणे वेगळे. अथेन्सच्या नाण्यावर एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला तिचे घुबड. कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा. नाणे ही त्या नगराची ओळख होती. अथेन्समध्ये पुरुष नागरिक सभेत एकत्र येऊन युद्धापासून करांपर्यंतचे निर्णय मतदानाने घेत. स्त्रिया, गुलाम आणि परके यांना त्या सभेत जागा नव्हती, हेही विसरता येत नाही. अशा समाजात जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर टाकणे सहसा कोणाला सुचले नाही, कारण ती जागा देवांची होती.

सिकंदरानंतर हे बदलले. इसवी सनापूर्वी ३२३ मध्ये तो बॅबिलॉनला मरण पावला आणि त्याचे साम्राज्य सेनापतींनी वाटून घेतले. त्यांच्यामागे घराण्याचा जुना वारसा नव्हता. आपणच राजे आहोत हे लोकांच्या मनावर ठसवण्याची त्यांना गरज होती. इजिप्त घेणाऱ्या टॉलेमीने नाण्यावर स्वतःचा चेहरा आणला आणि हळूहळू ती राजेपणाची खूण बनली.

या प्रथेची सर्वांत देखणी रूपे ग्रीसमध्ये नव्हे, तर आजच्या उत्तर अफगाणिस्तानात घडली. तिथल्या बॅक्ट्रियात इसवी सनापूर्वी २५० च्या सुमारास डायोडोटस या ग्रीक सुभेदाराने स्वतंत्र राज्य उभे केले. या राज्यातल्या आय खानुम या शहराचे उत्खनन फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६०-७० च्या दशकांत केले, तेव्हा तिथे ग्रीक पद्धतीचे नाट्यगृह आणि व्यायामशाळा सापडली. एका शिळेवर डेल्फीच्या मंदिरातली नीतिवचने खोदलेली होती. ती क्लिआर्कस नावाच्या माणसाने हजारो मैलांवरून उतरवून आणली होती.

बॅक्ट्रियाचे ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून या बाजूला आले, तेव्हा त्यांनी प्रजेकडे पाहून आपले नाणे बदलले. अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक मजकूर आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर प्राकृत भाषेत, खरोष्ठी लिपीत दिसतो. वजनही त्यांनी उतरवले. अथेन्सचा द्राख्मा सव्वाचार ग्रॅमच्या पुढे होता. हा हिंदी द्राख्मा अडीच ग्रॅमच्या आसपास आला. यातला मिनँडर म्हणजे बौद्ध परंपरेतला राजा मिलिंद. नागसेन भिक्षूशी त्याने केलेली प्रश्नोत्तरे ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत.

भडोचच्या बाजारातून गोदावरीकडे

मिनँडरचे राज्य वायव्येला होते. ते नाशिकपर्यंत कधी पोचले नाही. मग नाण्याचा हा घाट इथे कसा आला? याचे उत्तर एका ग्रीक पुस्तकात मिळते. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ते आज ओळखले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ते लिहिले. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. लेखक पंडित नव्हता. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, काय खपते, वारा कधी धरायचा, धोका कुठे आहे, एवढेच तो नेमकेपणाने सांगतो.

तो सांगतो की भडोचला, म्हणजे त्याच्या बारिगाझाला, अपोलोडोटस आणि मिनँडर यांच्या ग्रीक अक्षरांचे जुने द्राख्मा अजून चलनात आहेत. हे दोन्ही राजे जाऊन तोवर दीड-दोन शतके लोटली होती, तरी बाजाराचा त्यांच्या चांदीवर विश्वास होता. त्या मुलखाच्या राजाचे नाव पेरिप्लस ज्या रूपात देतो, ते अभ्यासकांनी नहपानाशी जुळवले आहे. आता जोगलटेंभीचे नाणे समोर ठेवले की दुवा स्पष्ट होतो. नहपान शक होता, ग्रीक नव्हता. पण त्याला नवे चांदीचे नाणे पाडायचे होते, आणि ते व्यापाऱ्याने बिनतक्रार हातात घ्यावे असे वाटत असेल, तर बाजारात चालणाऱ्या नाण्यासारखेच ते असणे शहाणपणाचे होते. म्हणून वजन तेच, राजाचा मुखवटा तसाच, भोवती ग्रीक अक्षरे. पाठीमागे बाण आणि वज्र, आणि त्याभोवती ब्राह्मी व खरोष्ठी मजकूर.

ही ग्रीक अक्षरे वाचली की अभ्यासकालाही क्षणभर थबकावे लागते, कारण ती ग्रीक भाषेतली नाहीत. ‘क्षहरात नहपान राजाचे’ हा प्राकृत मजकूरच ग्रीक लिपीत उतरवलेला आहे. ठसा कोरणाऱ्याला, किंवा त्याला मजकूर देणाऱ्याला, ग्रीक लिपी नीट येत होती. भाषेची मात्र त्याला गरज वाटली नाही. एकाच लहानशा नाण्यावर तीन लिपी आल्या: समुद्रापलीकडून येणाऱ्यासाठी ग्रीक, वायव्येकडच्यांसाठी खरोष्ठी, आणि इथल्या माणसासाठी ब्राह्मी.

पेरिप्लसचा लेखक भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, असल्याचे सांगतो. पैठणहून अकीकासारखे दगड येत, तेरहून कापड येई. उलट दिशेने काय येई, तेही तो नोंदवतो: इटलीची, लाओडिसियाची आणि अरबस्तानाची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच, आणि राजासाठी चांदीची भांडी. रोमन सोन्या-चांदीची नाणी इथल्या चलनात बदलली की त्यावर नफा सुटतो, असेही तो लिहितो. पश्चिमेकडून मदिरा आणणाऱ्या उभट कुंभांचे तुकडे महाराष्ट्रातल्या नेवासे आणि तेरसारख्या ठिकाणी सापडले आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, तीही याच व्यापारातून आलेली. टॉलेमी हा भूगोलवेत्ता इसवी सन १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियात बसून भारताचा नकाशा मांडतो, तेव्हा त्याच्या यादीत पैठणबरोबर नाशिकही असते. बंदरे आणि पैठण यांच्यामधल्या घाटवाटा सह्याद्री ओलांडून ज्या पट्ट्यात उतरतात, त्यात नाशिकचा हा गोदाकाठ येतो. जोगलटेंभीला एवढी चांदी साठावी, याला हे भूगोलाचे कारण आहे.

लेण्यातला यवन

नाण्यांवर लिपी आली, माल आला. माणसे आली का? आली, आणि त्यांनी आपली नावे दगडात ठेवली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातल्या, म्हणजे पांडवलेण्यांतल्या, १७ क्रमांकाच्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. दात्तामित्री नगराचा रहिवासी, उत्तरेकडचा, योनक म्हणजे यवन, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने हे लेणे खोदवले. आत चैत्यगृह केले, पाण्याची टाकी केली. आईवडिलांच्या पुण्यासाठी, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी ते चारी दिशांच्या भिक्षुसंघाला दिले. आणि या दानात त्याचा मुलगा धम्मरक्षित सोबत होता, असे तो सांगतो.

यवन हा शब्द आयोनियाच्या नावावरून इराणी वाटेने आपल्याकडे आला आणि मुळात तो ग्रीकांसाठी होता. दात्तामित्री हे नगर डिमेट्रियस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण लेखातली तीन नावे पाहा: धम्मदेव, इंद्राग्निदत्त, धम्मरक्षित. तीन पिढ्यांत एकही ग्रीक नाव उरलेले नाही. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, धर्म बौद्ध. लेण्याच्या खांबांवर हत्ती आणि त्यांवरचे स्वार आहेत. तेही शेजारच्या लेण्यांच्याच परंपरेतले. हा माणूस परका आहे हे केवळ त्याने स्वतः सांगितले म्हणून आपल्याला कळते. ते त्याने लपवले नाही, आणि इथल्या संघालाही त्याचे दान घेण्यात अडचण वाटली नाही.

इंद्राग्निदत्त एकटा नव्हता. कार्ल्याच्या भव्य चैत्यगृहाच्या खांबांवर धेनुकाकट या गावच्या अनेक यवनांची नावे दाते म्हणून कोरलेली आहेत; त्यांत सिंहध्वज आणि धर्मध्वज अशी नावे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, आणि चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचे दान केले. ही माणसे वंशाने ग्रीक होती, की पश्चिमेकडून येणाऱ्या सगळ्यांनाच तोवर यवन म्हटले जात होते, याबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात हा शब्द सैल झाला होता, हे खरे. तरी ही माणसे स्वतःची ओळख म्हणून तो शब्द अभिमानाने लिहितात, आणि लगेच पुढे टाके आणि भोजनमंडप यांचा हिशेब देतात. उन्हातान्हात चालून येणाऱ्याला पाणी मिळावे, ही त्यांची पुण्याची कल्पना होती.

असेच उदाहरण मध्य प्रदेशात विदिशेजवळ आहे. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा, अँटिअल्किडसचा, दूत हेलिओडोरस याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तिथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला भागवत म्हणवले. त्याचे नाव अजून ग्रीक आहे. नाशिकच्या इंद्राग्निदत्तापर्यंत येता येता तेही गळून पडले.

मुखवट्यावर मारलेला ठसा

नाशिकच्याच डोंगरात, ३ क्रमांकाच्या लेण्यात, यवन हा शब्द वेगळ्या स्वरात येतो. सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना त्याने शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला आणि क्षहरात वंश निर्मूल केला, असे सांगते. हा लेख तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या, १९ व्या राज्यवर्षातला. म्हणजे एका लेण्यात यवन दाता आहे आणि त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात तो पराभूत शत्रू. यात विसंगती नाही. राजांची लढाई राजांशी होती. व्यापारी, कारागीर आणि भिक्षू यांचे व्यवहार त्या लढाईच्या आधी चालत होते आणि नंतरही चालले.

बलश्रीच्या शब्दांचा पुरावा जोगलटेंभीच्या नाण्यांनी दिला. स्कॉट यांनी तपासलेल्या १३,२५० नाण्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, आणि पाठीमागे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवली नाहीत, कारण चांदी आधीच योग्य वजनाची होती. मालक बदलला एवढेच दाखवायचे होते. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, केस आणि काही ग्रीक अक्षरे अजून डोकावतात. गौतमीपुत्राने नहपानाचे चलन थेट ताब्यात घेतले, हे त्यामुळे पक्के झाले. राजवटींचा क्रम लावताना इतिहासकारांना एवढा ठाम आधार क्वचित मिळतो.

पुढे सातवाहनांनीही राजाचा मुखवटा असलेली चांदीची नाणी पाडली, त्यांत पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांची नाणी आहेत. शत्रूचा ठसा पुसणाऱ्या घराण्याने त्याच्या नाण्याचा घाट मात्र स्वीकारला.

ग्रीक अक्षरांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. नहपानाच्या आणि चष्टन या क्षत्रपाच्या काळात ती वाचता येतात. नंतरच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती वेडीवाकडी होत जातात. कोरणाऱ्याला त्यांचा अर्थ उरलेला नाही, पण मुखवट्याभोवती काहीतरी अक्षरे हवीत हे त्याला माहीत आहे. इसवी सन ४०० च्या सुमारास गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने क्षत्रपांचे राज्य संपवून त्यांच्या धर्तीवर चांदीची नाणी काढली, त्यांवरही या अक्षरांचे अवशेष दिसतात.

मुखवटा त्याहून जास्त टिकला. सहाव्या शतकात कलचुरी राजा कृष्णराजाची चांदीची नाणी निघाली. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला नंदी. त्यांचा साठा नाशिक जिल्ह्यातच, देवळाणे इथे सापडला. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या अंजनेरीच्या ताम्रपटांत ‘कृष्णराज रूपक’ या नाण्याचा उल्लेख आहे, म्हणजे तेव्हाही ते व्यवहारात होते. इजिप्तच्या टॉलेमी राजापासून अंजनेरीपर्यंत हजार वर्षे होतात. एवढा काळ ही कल्पना चालत राहिली, आणि तिचा शेवटचा मोठा टप्पा नाशिकच्या मातीत आहे.

ग्रीकांची आणखी एक देणगी आपल्या घरात रोज वापरात आहे. मेष ते मीन या बारा राशींचे चक्र मुळात बॅबिलोनियाचे. ग्रीकांनी त्याला भूमितीची आणि फलज्योतिषाची बैठक दिली, आणि इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत ते पश्चिम भारतात आले. वराहमिहिराने यवनांना या शास्त्राचे जाणकार म्हणून आदराने गौरवले आहे. भिंतीवरच्या पंचांगातल्या राशी या त्या देवाणघेवाणीची खूण आहेत.

या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. परक्याकडून घेतल्याने गोदाकाठची संस्कृती कमी झाली नाही. तिने नाण्याचा घाट घेतला, अक्षरे घेतली आणि जरूर संपल्यावर सोडली, राशिचक्र घेऊन ते आपल्या पंचांगात बसवले; आणि आलेल्या माणसाला आपली भाषा, आपली नावे आणि आपला धर्म दिला. ग्रीकांचा इतिहास शिकताना अथेन्सबरोबर नाशिकचे १७ नंबरचे लेणेही शिकवायला हवे. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली पांडवलेण्यांना जातातच. मुलांना त्या लेण्यासमोर थांबवून इंद्राग्निदत्ताचे नाव आणि त्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्यांची गोष्ट सांगायला फक्त पाच मिनिटे लागतील.

आणि एक विनंती, विशेषतः निफाड-सिन्नर पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना. नांगरताना, विहीर किंवा शेततळे खोदताना जुनी नाणी सापडली, तर ती सोनाराकडे नेऊ नका आणि वाटूनही टाकू नका. नाणी कुठे, किती खोलीवर, कशात सापडली ते लिहून ठेवा आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तसे कळवणे बंधनकारक आहे, आणि शोधणाऱ्याला मोबदला देण्याची तरतूदही त्यात आहे. जोगलटेंभीची नाणी एकत्र तपासता आली, म्हणून सातवाहन आणि क्षत्रपांचा इतिहास आज इतक्या खात्रीने सांगता येतो. त्यांतले प्रत्येक नाणे सुटे विकले गेले असते, तर चांदीपलीकडे काहीच हाती लागले नसते.